पहिल्या अमेरिकन फटफट्या आणि त्यांच्यावर बसलेली माणसं

तिसरा गियर (धागाकर्ता)

परवा एका ग्रुपवर जुंपली. एकाचं म्हणणं असं, की अमेरिकेत मोटरसायकल जन्माला आली तीच बंडखोरांच्या घरात. काळं जाकीट, दाढी, दंडावर गोंदण आणि समोर मोकळा हमरस्ता. मला हे अजिबात मान्य नाही. ती दाढीवाली प्रतिमा दुसऱ्या महायुद्धानंतरची. १९०१ पासूनची पहिली पंधरा-सोळा वर्षं पाहिली तर गाडीवर बसलेली माणसं निराळीच दिसतात. सायकलच्या शर्यतींतून आलेले खेळाडू, कारखान्यातले फिटर, वॉल स्ट्रीटवर नोकरी करणारी एक मुलगी आणि साइडकारमध्ये बसलेली तिची आई. तिथे टंकायचा कंटाळा केला, इथे सविस्तर लिहितो.

सुरुवात सायकलीपासून. १८९० च्या दशकात अमेरिकेला सायकलचं वेड लागलं होतं. शर्यतींना तुफान गर्दी व्हायची. यातल्या काही शर्यतींत स्वाराच्या पुढे एक इंजिनवाली गाडी पळे. ती हवा कापायची आणि मागचा तिच्या आडोशाने वेग धरायचा. पेसर म्हणत तिला. बऱ्याचशा पेसर लहरी, ऐन रंगात आल्यावर बंद पडणाऱ्या. ऑस्कर हेडस्ट्रॉम नावाच्या स्वीडनहून आलेल्या कारागिराची गाडी मात्र भरवशाची. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डचा जॉर्ज हेंडी हा स्वतः एकेकाळचा नावाजलेला सायकलपटू, आता सायकलींचा कारखानदार. त्याने हे हेरलं. जानेवारी १९०१ मध्ये दोघांचा करार झाला, मे महिन्यात पहिली गाडी तयार. हीच इंडियन. १९०२ मध्ये १४३ गाड्या, आणि १९१३ मध्ये वर्षाला सुमारे ३२ हजार! दहा-अकरा वर्षांत.

त्या पहिल्या इंडियनचा फोटो जरूर बघा. चौकट सायकलचीच. सीटखालच्या दांडीच्या जागी उभा सिलिंडर, मागच्या मडगार्डवर फुगीर टाकी, ताकद पावणेदोन हॉर्सपॉवर. पॅडल तसेच ठेवलेले. आपल्या लूनाची खापरपणजी म्हणा हवं तर. हेडस्ट्रॉमचं डोकं दिसतं ते दोन ठिकाणी. एक त्याचा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग), आणि दुसरं म्हणजे इतर बहुतेक जण चामड्याचा पट्टा लावत असताना याने साखळी लावली. पावसात पट्टा घसरतो, साखळी घसरत नाही. एवढ्या एका गोष्टीवर इंडियनने बरंच मैदान मारलं.

आता माझा सगळ्यात आवडता माणूस, जॉर्ज वायमन. १६ मे १९०३ रोजी हा सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला, न्यूयॉर्कला जायला. गाडी कॅलिफोर्निया मोटर कंपनीची. सव्वा हॉर्सपॉवर, २०० सीसी, वजन चाळीसेक किलो, चामड्याचा पट्टा. इंजिनवर चालणारं कुठलंही वाहन तोपर्यंत अमेरिका आडवी पार करून गेलेलं नव्हतं.

रस्ते म्हणाल तर आनंद होता. १९०४ च्या सरकारी मोजणीत देशभरात गावाबाहेरचे रस्ते एकवीस लाख मैलांच्या वर भरले, त्यातले पक्के म्हणावेत असे जेमतेम ७ टक्के. सिएरा नेवाडाच्या डोंगरात मे महिन्यातही बर्फ, उतरलं की नेवाडाची रेती. वायमनने गाडी सरळ रेल्वेच्या रुळांमध्ये घातली. स्लीपरवरून दणके खात शेकडो मैल. बर्फापासून रूळ वाचवायला सिएरात मैलोन्‌मैल लाकडी छपरं घातलेली होती. आत काळोख, इंजिनांचा धूर आणि मागून आगगाडी येईल ती भीती वेगळीच. तिथून हा गाडी ढकलत चालत गेला. रात्री रुळांची देखभाल करणाऱ्या मजुरांच्या खोलीवर पडायचं. हँडल मोडलं तेव्हा लाकडी दांडका बांधून पुढे निघाला.

शेवटी ऑल्बनीला इंजिनाने मान टाकली. न्यूयॉर्क तिथून दीडशे मैल. हा पठ्ठ्या राहिलेलं अंतर पॅडल मारत गेला आणि ६ जुलैला पोहोचला. एक्कावन्न दिवस.

बरं, याच उन्हाळ्यात डॉक्टर होरेशियो जॅक्सन विंटन मोटार घेऊन तसाच सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला होता, पन्नास डॉलरच्या पैजेवर. तो पोहोचला २६ जुलैला, म्हणजे वायमननंतर तब्बल वीस दिवसांनी. पण नाव कोणाचं झालं? जॅक्सनचं. त्याच्यासोबत गॉगल घातलेला बड नावाचा कुत्रा होता, त्यालासुद्धा वायमनपेक्षा जास्त माणसं ओळखतात. हे मला दरवेळी खटकतं.

लांबलं. लाकडी ट्रॅक, बायका, फोर्ड, हे सगळं राहिलंच आहे. प्रतिसादांत बोलू.


मृण्मयी अकोला

जबरदस्त धागा. वायमनबद्दल काहीच माहीत नव्हतं. एक बाळबोध शंका, १९०३ मध्ये पेट्रोल पंप कुठे होते? टाकी भरायचा कुठे?


तिसरा गियर

पंप नव्हतेच. पेट्रोल किराणा दुकानात किंवा औषधांच्या दुकानात मिळायचं, डब्यात किंवा बाटलीत. कपड्यांचे डाग काढायला आणि स्टोव्हला वापरत ते. मिळेल तसलं घ्यायचं. तेलाचं आणखी अवघड, पण ते बारक्या फिटर जास्त चांगलं सांगतील. या हो, वाट बघतोय.


बारक्या फिटर

आलो. तेलाचं सांगतो, त्यातच सगळी गंमत आहे.

आजच्या गाडीत ऑइल फिरत राहतं, तळाशी जमतं, पंप परत वर पाठवतो. त्या वेळी तसं काही नाही. टाकीतून तेल इंजिनात जायचं, काम करायचं, थोडं जळायचं, उरलेलं बाहेर. गेलं ते गेलं. आणि ते सोडायचं काम स्वाराचं. टाकीला हातपंप असायचा, काही मैल झाले की एक दट्ट्या मारायचा. चढ लागला की आधीच एक जास्तीचा. कमी पडलं तर पिस्टन धरलाच. जास्त झालं तर प्लग काळा आणि मागे धुराचा लोट. इंडिकेटर वगैरे विसरा, कानाने ऐकून ठरवायचं. म्हणून म्हणतो, त्या काळी गाडी चालवणारा आणि दुरुस्त करणारा असे दोन वेगळे असणं शक्यच नव्हतं.

आता चालू करायची कशी ते बघा. गाडी स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. पेट्रोलचा कॉक उघडा. कार्बोरेटरच्या डोक्यावरची पिन दाबून धरा, पेट्रोल ओघळून बोटाला लागेपर्यंत. स्पार्कचा दांडा मागे घ्या, नाहीतर पॅडल उलटं फिरून नडगी फुटेल. एक्झॉस्टचा व्हॉल्व उचलून धरा म्हणजे कॉम्प्रेशन लागणार नाही, आणि मारा पॅडल. चाकाने वेग घेतला की व्हॉल्व सोडा. धडाड धड. पेटली तर पेटली, नाहीतर प्लग काढून पुसा आणि पुन्हा पहिल्यापासून. सुरू झाली की स्पार्क हळूहळू पुढे.

क्लच बहुतेकांना नाही. म्हणजे चौकात थांबलात की इंजिन बंद. गियर एकच.

आणखी एक मजा. इनटेकच्या व्हॉल्वला उघडणारं काही यंत्रच नसायचं. नुसती नाजूक स्प्रिंग. पिस्टन खाली गेला की ओढीने व्हॉल्व आपोआप उघडायचा. कमी आरपीएमला चालतं हे, पण वेग वाढला की व्हॉल्व गोंधळतो, उघडू की मिटू. पुढे कॅम लावून तोही यंत्राने उघडायला लागले आणि मग ताकद एकदम वाढली.


ठाणे लोकल

दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण. पण पहिली अमेरिकन मोटरसायकल हार्लेच ना? मी तर तेच ऐकत आलोय.


मॅसॅच्युसेट्सचा मावळा

नाही हो. आमच्या राज्याचा हक्क असा हिरावून घेऊ नका :-)

विक्रीसाठी बनलेली पहिली अमेरिकन गाडी म्हणून १८९८ च्या ओरिएंट-अ‍ॅस्टरचं नाव घेतात. चार्ल्स मेट्झची, इथल्याच वॉल्थॅममधली. इंजिन फ्रेंच. आणि त्याच्याही तीस वर्षं आधी बोस्टनजवळच्या रॉक्सबरीत सिल्व्हेस्टर रोपरने वाफेवरची दुचाकी केली होती. दोन चाकांच्या मध्ये कोळशाचा बॉयलर, त्याच्यावर माणूस! म्हातारा शेवटपर्यंत त्यातच. १ जून १८९६ ला केंब्रिजमध्ये चार्ल्स नदीकाठच्या सायकल ट्रॅकवर स्वतःची नवी वाफेवरची सायकल दाखवत होता, वय ७२. तरुण सायकलपटूंना मागे टाकलं, आणखी वेग घेतला, आणि गाडी हेलकावे खायला लागली. पडला तो गेलाच. हृदय बंद पडलं होतं.

हार्ले-डेव्हिडसन १९०३ ची, मिलवॉकीची. विल्यम हार्ले आणि आर्थर डेव्हिडसन, विशीतली दोन पोरं. डेव्हिडसनच्या परसात वडिलांनी दहा बाय पंधरा फुटांची लाकडी खोली बांधून दिली, तोच कारखाना. सुरुवातीची काही वर्षं इंडियनपुढे ते किस झाड की पत्ती. त्यांचं नाव झालं १९०८ मध्ये, आर्थरचा भाऊ वॉल्टर न्यूयॉर्कच्या कॅटस्किल डोंगरातली सहनशक्तीची स्पर्धा हजारपैकी हजार गुणांनी जिंकला तेव्हा. इथे वेगाला महत्त्व नव्हतं. ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी, गाडी न मोडता पोहोचायचं.

स्प्रिंगफिल्डला कधी आलात तर तिथल्या इतिहास संग्रहालयात इंडियनचा मोठा संग्रह आहे. जुन्या कारखान्याच्या इमारतीत आता फ्लॅट आहेत.


आडवाट

धागा छान, पण धागाकर्त्याशी मी सहमत नाही. फिटर, कारकून, ठरल्या वेळी पोहोचायचं वगैरे ठीक. मोटरड्रोमचं काय?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. १९०९ पासून अमेरिकेत मोटरसायकल शर्यतींसाठी लाकडी गोल ट्रॅक बांधायला सुरुवात झाली. दोन बाय चार इंचांच्या फळ्या, आडव्या नव्हे, कडेवर उभ्या करून ठोकलेल्या. वळणं इतकी तिरपी की तिथे माणूस नुसता उभा राहू शकणार नाही. प्रेक्षक कुठे? वरच्या काठावर, कठड्याला रेलून, खाली बघत. गाड्यांना ब्रेक नाही. थ्रॉटलसुद्धा नाही, कार्बोरेटर कायम उघडा. वेग कमी करायचा म्हणजे हँडलवरचं बटण दाबून स्पार्क तोडायचा. आणि फिटरसाहेबांनी सांगितलंच की तेल सगळं बाहेर. ते कुठे पडणार? ट्रॅकवर. शिवाय फळीचा कपचा उडाला की मांडीत.

८ सप्टेंबर १९१२. न्यूअर्कजवळचा व्हेल्सबर्गचा ट्रॅक. एडी हाशा नावाचा टेक्सासचा तरुण, आठ व्हॉल्वची इंडियन. पूर्ण वेगात गाडी वर चढली आणि कठड्यावरून प्रेक्षकांत शिरली. हाशा गेला, खाली पडलेल्या गाडीने दुसरा स्वार जॉनी ऑलब्राइट गेला, आणि प्रेक्षकांतलेही अनेक जण, त्यात वाकून बघणारी कोवळी पोरं होती. त्यानंतर वर्तमानपत्रांनी मोटरड्रोमला मर्डरड्रोम म्हणायला सुरुवात केली.

हे सगळं जीव धोक्यात घालण्याचं वेड नाही तर काय? जाकीट नसेल, वृत्ती तीच.


तिसरा गियर

आडवाट, मुद्दा वजनदार आहे. पण मी त्याला वेड म्हणणार नाही, रोजंदारी म्हणेन. हे स्वार कंपन्यांचे आणि ट्रॅकवाल्यांचे पगारी होते. ट्रॅक बांधणारे तिकिटं विकायचे, कंपन्या सोमवारच्या पेपरात जाहिरात द्यायच्या की रविवारी आमची गाडी जिंकली.

जेक डीरोझियेचं उदाहरण घ्या. त्या काळचा सगळ्यात मोठा स्वार. मूळ कॅनडाचा. इंडियनसाठी पळाला. १९११ मध्ये इंग्लंडला जाऊन ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर त्यांच्या चार्ली कॉलियरला तीनपैकी दोन शर्यतींत हरवलं. परत आल्यावर कंपनीशी बिनसलं, एक्सेल्सियर या प्रतिस्पर्धी कंपनीकडे गेला. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या ट्रॅकवर जबर अपघात, पाय मोडला. एकामागून एक शस्त्रक्रिया, आणि फेब्रुवारी १९१३ मध्ये स्प्रिंगफिल्डलाच वारला. अंत्ययात्रा इंडियनच्या कारखान्यावरून निघाली तेव्हा आतलं काम थांबवलं होतं. त्याच सुमारास हेडस्ट्रॉमने कंपनी सोडली, तीही भागधारकांच्या कटकटीला कंटाळून. ज्या अपघातात डीरोझिये संपला त्यातला दुसरा स्वार चार्ल्स बाल्की. तोही १९१४ मध्ये सराव करताना गेला.

अशा माणसाला तुम्ही बंडखोर म्हणाल की ज्याच्या जिवावर दुसऱ्यांनी धंदा केला तो कामगार?


आडवाट

कामगार तर खराच. पण त्या कामगाराने हे काम निवडलं, लेथवरचं सोडून. माझं मत कायम.


बारक्या फिटर

वेगाचं निघालंच आहे तर ग्लेन कर्टिसला विसरू नका. न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमंड्सपोर्टचा सायकल दुकानदार. पहिल्या गाडीचा कार्बोरेटर टोमॅटोच्या डब्यापासून केला होता. हा पुढे विमानांसाठी व्ही-८ इंजिन बनवायला लागला आणि ते तपासायचं म्हणून मोटरसायकलच्या चौकटीत बसवलं. चाळीस हॉर्सपॉवर, चार लिटरच्याही वर! जानेवारी १९०७, फ्लोरिडातला ऑर्मंड बीच, एक मैल २६.४ सेकंदांत. ताशी १३६ मैल, म्हणजे २१९ किलोमीटर. वाळूवर, सायकलछाप टायरवर. परत येताना ड्राइव्हशाफ्ट तुटला, तरी माणूस शाबूत. ही गाडी अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. फोटो झूम करून बघा, सीट इंजिनाच्या मागे एवढी लांब आहे की हँडलपर्यंत पोहोचायला त्याला टाकीवर आडवंच व्हावं लागलं असणार.


मृण्मयी अकोला

मी आपली धागाकर्त्याच्या बाजूने. आणि पहिल्या परिच्छेदात आईला साइडकारमध्ये बसवून तिथेच सोडून दिलीत, म्हणून मीच लिहिते. काल रात्री बसून यावर बरंच वाचलं.

मुलगी एफी हॉचकिस, ब्रुकलिनची. आई एव्हिस. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पनामा-पॅसिफिक प्रदर्शन भरलं होतं, ते बघायला या दोघी निघाल्या. गाडी हार्ले, तीन गियरची, साइडकार जोडलेली. एफी चालवणार, दुरुस्तीही तीच करणार. आईचा मुलीच्या हातावर पूर्ण भरवसा होता. न्यू मेक्सिकोत जवळच्या ट्यूब संपल्या, तर घोंगडी कापून, गुंडाळून टायरमध्ये भरली आणि पुढे निघाल्या. सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचल्यावर अटलांटिकचं बरोबर आणलेलं पाणी पॅसिफिकमध्ये ओतलं. (हे अगदी आपल्याकडच्या गंगेच्या कावडीच्या थाटाचं नाही का!) आणि मग गाडीवरूनच घरी परत. मोटरसायकलवरून अमेरिका आडवी पार करणाऱ्या पहिल्या बायका याच.

पुढच्या वर्षी व्हॅन ब्युरेन बहिणी, ऑगस्टा आणि अ‍ॅडेलिन. यांचा हेतू वेगळा. युरोपात महायुद्ध पेटलेलं, अमेरिका त्यात पडणार की नाही ही चर्चा. यांचं म्हणणं, लष्करात निरोप पोचवायचं काम मोटरसायकलवरून बायका करू शकतात, पुरुष आघाडीसाठी मोकळे होतील. ते सिद्ध करायला ४ जुलै १९१६ ला ब्रुकलिनहून दोन इंडियन पॉवरप्लस घेऊन निघाल्या. एकेक गाडी २७५ डॉलरची. चामड्याच्या विजारी घातलेल्या. शिकागोच्या पश्चिमेला गेल्यावर छोट्या गावांत पोलीस त्यांना धरायचे. वेगासाठी नाही, पुरुषी कपड्यांसाठी! दरवेळी ताकीद देऊन सोडायचे. कोलोरॅडोत पाइक्स पीकच्या माथ्यापर्यंत गाड्या नेल्या, चौदा हजार फुटांवर. सॉल्ट लेक सिटीच्या पुढे वाळवंटात वाट चुकल्या, पाणी संपलं, एक खाणी शोधत फिरणारा भला माणूस भेटला म्हणून वाचल्या. २ सप्टेंबरला सॅन फ्रान्सिस्को.

मग वर्तमानपत्रांनी काय केलं? गाडीचं कौतुक. डेन्व्हरच्या एका पेपरने तर लिहिलं की देशसेवेच्या नावाखाली घरकामातून सुटका आणि विजारी घालून मिरवायची हौस. लष्कराने अर्ज नाकारला. अ‍ॅडेलिन पुढे वकील झाली, ऑगस्टा वैमानिक.

माझी आजी सायकल शिकली ती रात्री, अंगणात, दिवे मालवून. त्यामुळे डेन्व्हरवाल्यांचं मला फारसं आश्चर्य वाटलं नाही.


जमाखर्च

बहिणी थोर, पण या दोघी माजी राष्ट्राध्यक्षांच्या घराण्यातल्या म्हणवून घेत. खाऊनपिऊन सुखी घरच्या. धागाकर्त्याच्या फिटर-कारकुनात त्यांना बसवू नका. हॉचकिस मायलेकी चालतील.

मला खरा प्रश्न वेगळाच पडतो. १९१३ मध्ये एकटी इंडियन ३२ हजार गाड्या बनवते, देशात शंभरावर कंपन्या, आणि १९३१ नंतर मोठ्या म्हणाव्यात अशा दोनच उरतात, हार्ले आणि इंडियन. असं का? आकडे मांडून बघा.

१९१६ मध्ये इंडियन २७५ डॉलर, हार्लेची दोन सिलिंडरवाली तीनशेच्या आत-बाहेर. साइडकार जोडायची तर आणखी खर्च. त्याच साली फोर्डची मॉडेल टी ३६० डॉलर. हीच गाडी १९०८ मध्ये ८५० ची होती. हायलँड पार्कच्या कारखान्यात १९१३ मध्ये चालती असेंब्ली लाइन आली आणि भाव दरवर्षी उतरत गेला, १९२५ मध्ये २९० पर्यंत. आता सांगा, बायको, दोन पोरं आणि बटाट्याचं पोतं असलेला माणूस काय घेईल? डोक्यावर छप्पर, चार चाकं, पावसात पडायची भीती नाही.

म्हणजे कामाला जायचं साधन म्हणून मोटरसायकल तिथे संपली ती भावामुळे. जे उरलं ते पोलीस, लष्कर आणि हौशी लोक. हौशी लोकांचीच मग ती प्रतिमा झाली. आपल्याकडे उलट झालं, कारण आपल्याकडे फोर्ड आलाच नाही त्या भावात.


तिसरा गियर

जमाखर्च, हे मी लिहायला हवं होतं इतकं नेमकं. लष्कराचं थोडं जोडतो. १९१६ मध्ये मेक्सिकोत तिथला बंडखोर पुढारी पांचो व्हिला याच्या मागावर अमेरिकेचा जनरल पर्शिंग गेला तेव्हा साइडकारवर मशीनगन बसवलेल्या मोटरसायकली बरोबर होत्या. मग महायुद्ध. इंडियनने जवळपास सगळंच उत्पादन सरकारला देऊन टाकलं, तेही कमी नफ्यात, आणि देशातले विक्रेते रिकाम्या शोरूममध्ये बसून राहिले. हार्लेने सरकारला सुमारे वीस हजार दिल्या पण दुकानंही सांभाळली. १९२० मध्ये जगातली सगळ्यात मोठी कंपनी हार्ले होती. इंडियन त्यातून पुरती सावरली नाही असं माझं मत. व्हॅन ब्युरेन बहिणींना ज्या लष्कराने नाकारलं त्याच लष्कराने त्यांच्या गाडीचा कारखाना असा गिळला.


ठाणे लोकल

हे सगळे गोरेच दिसतायत. कृष्णवर्णीय कोणी नव्हतं?


मॅसॅच्युसेट्सचा मावळा

होते, पण नोंदी फार थोड्या. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन मोटरसायकल असोसिएशनचं सदस्यत्व सुरुवातीची काही दशकं फक्त गोऱ्यांना होतं. नाव घ्यायचं तर बेसी स्ट्रिंगफिल्डचं. तिचा काळ थोडा नंतरचा, १९३० पासून पुढे. एकटीने देशभर हिंडली, दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी निरोप पोचवायचं काम केलं, मायामीत स्थायिक झाली, आयुष्यात २७ हार्ले बाळगल्या. लहानपणाच्या ज्या हकिगती ती सांगायची, जमैकातला जन्म वगैरे, त्या कुटुंबीयांनी नंतर खोट्या ठरवल्या. जन्म नॉर्थ कॅरोलायनातला. पण गाडी चालवणं खोटं नव्हतं.


वाशीचा आंबेवाला

आमच्या धंद्याचा विषय कोणीच काढला नाही म्हणून अवांतर करतो. अमेरिकेने आपल्या आंब्यावर १९८९ पासून बंदी घातली होती, फळमाशी आणि कोयीतल्या भुंग्याच्या भीतीने. २००७ मध्ये दोन्ही सरकारांचं जमलं. त्यांनी आंबा घ्यायचा, आपण हार्लेसारख्या मोठ्या गाड्यांना दार उघडायचं. पण आंब्याला अट अशी की गॅमा किरणांचा डोस देऊनच पाठवा. ते केंद्र कुठे होतं? लासलगावला, भाभा अणुसंशोधन केंद्राचं, मुळात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून उभारलेलं. तर एप्रिल २००७ मध्ये कोकणचा हापूस नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या शेजारी जाऊन किरणं खाऊन अमेरिकेला गेला. हार्ले यायला पुढे दोन-तीन वर्षं गेली, २०२० मध्ये स्वतःचा कारखाना बंद करून गेलीही. आंबा अजून जातोय.


आडवाट

हाहा. म्हणजे व्यवहारात आपण जिंकलो.

धागाकर्ते, सुरुवातीच्या काळात एखादी अमेरिकन गाडी आपल्याकडून गेली का हो?


तिसरा गियर

जवळून गेली. कार्ल स्टर्न्स क्लॅन्सी, १९१२-१३, मोटरसायकलवरून जगप्रदक्षिणा करणारा पहिला. गाडी हेंडरसन, डेट्रॉइटची, ओळीत चार सिलिंडर, ७ हॉर्सपॉवर, ब्रेक फक्त मागे. जोडीदार पॅरिसमध्येच गळाला. हा एकटा स्पेन, अल्जीरिया, ट्युनिशिया करत बोटीने सिलोनला उतरला, तिथे गाडी चालवली आणि भारत गाळून थेट पूर्वेला, चीन-जपानकडे. एकूण अठरा हजार मैल. कोलंबोपर्यंत येऊन इकडे फिरकला नाही.

हेंडरसनवर वेगळा धागा काढतो, कारण त्या बंधूंची गोष्ट चटका लावणारी आहे. १९१७ मध्ये कंपनी शिकागोचा सायकल कारखानदार इग्नाझ श्विन याला विकावी लागली. विल्यम हेंडरसनने पुन्हा एस नावाने नवी चार सिलिंडरची गाडी काढली आणि १९२२ मध्ये तीच तपासताना अपघातात गेला. श्विनने १९३१ मध्ये मोटरसायकलींना टाळं लावलं. सायकली चालूच ठेवल्या.

आडवाट, लाकडी ट्रॅकवर तुम्ही स्वतंत्र लिहा. भांडायला मी येतोच.


बारक्या फिटर

हेंडरसनच्या धाग्यात इंजिनाचं मी बघतो. पहिल्या मॉडेलला हँडल फिरवून चालू करायची सोय होती, मोटारीसारखी. त्याचा फोटो कोणाकडे मोठा असेल तर टाका.